जिझेल सिरवाची दोन राज्यं

हॉलिस व्हिटकमचा फोन आला तेव्हा जिझेल सिरवा बापासाठी प्लोय भाजत होती. प्लोय म्हणजे कुट्टूच्या पिठाचं घावन, एकाच बाजूने भाजायचं, वर जाळी पडली की उतरवायचं. आमच्या खोऱ्यात त्याच्याशिवाय सकाळ उजाडत नाही.

“जिझेल, बस जरा,” हॉलिस म्हणाला.

“उभीच बरी आहे. तवा तापलाय.”

“यंदाचा हिवाळा हिवाळा नव्हताच, तुला माहीतच आहे. त्यात लोक भिंतीवर ती घर तापवायची विजेची यंत्रं बसवून घेतायत. लाकडं फोडायला कुणाला हौस आहे आता?” त्याने घसा खाकरला. “तीन माणसं कमी करावी लागतायत. त्यात तू आहेस.”

तिने तव्यावरचं घावन उतरवलं आणि गॅस बंद केला. टेबलाशी बसलेला तिचा बाप ओनेझिम काटा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

“बेकारी भत्त्याचा अर्ज कर,” हॉलिस पुढे म्हणाला. “इतकी वर्षं तुझ्या नावाने बेकारीच्या निधीत भरत आलोय. एकदाही चुकवलं नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं. हॉलिस व्हिटकम पैशाच्या बाबतीत कधी कुणाशी वेडंवाकडं वागलेला माणूस नव्हता. त्याने भरलं होतं, वेळच्या वेळी भरलं होतं, फक्त भलत्याच दारात भरलं होतं. ते त्या सकाळी त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे त्याला अजिबात नव्हतं, आणि तिला अर्धंमुर्धं होतं.

जिझेल आमच्याच खोऱ्यातली, मेन राज्याच्या पार उत्तरेची. विशीत असताना ती दक्षिणेला न्यू हॅम्पशायरमध्ये गेली, चपलांच्या कारखान्यात लागली, तो बंद पडल्यावर व्हिटकमकडे आली. व्हिटकमचा धंदा जुन्या लोखंडी शेगड्यांच्या सुट्या भागांचा. लाकडावर पेटणाऱ्या त्या भल्याथोरल्या शेगड्यांच्या जाळ्या, दाराच्या काचा, दाराला चिकटवायच्या दोऱ्या, धुराड्याच्या झडपा. देशभरातून लोकांचे फोन यायचे आणि ते जिझेल घ्यायची. कुणी चिडलेला असायचा, कुणी गारठलेला. म्हातारी माणसं तर शेगडीचं बोलता बोलता सुनेवर यायची. तीही ऐकून घ्यायची.

तिचा नवरा रोलाँ आजारी पडला, तेव्हा ती निम्मे दिवस दवाखान्यात असायची. हॉलिसने एकदाही पगार कापला नाही. रोलाँ गेला. पुढे काही वर्षांनी इकडे ओनेझिमचं कंबरेचं हाड मोडलं. आई आधीच गेलेली, भाऊ दूर पांगलेले. जिझेल राजीनामा द्यायला हॉलिसच्या खोलीत गेली.

“तुझं काम काय आहे?” त्याने विचारलं.

“फोन घेणं.”

“मग फोनला काय, न्यू हॅम्पशायरचीच हवा लागते का?”

आणि पुढच्या शनिवारी त्याने तिचा कॉम्प्युटर, फोन, खुर्चीसुद्धा, आपल्या गाडीत घालून सात तासांचा रस्ता तुडवत वर आणून दिली. तिचे भाऊ पूर्वी जिथे झोपायचे त्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं, वायरी जोडल्या, ओनेझिमबरोबर वाटीभर कोंबडीचा रस्सा खाल्ला आणि परत गेला. माणूस एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात बसला की कायदाही त्याच्यामागून उठून येतो, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ते पहिल्यांदा आलं बर्निसच्या. बर्निस ही जिझेलची चुलत बहीण, निम्म्या गावाच्या कराचे कागद तीच भरते आणि भरताना सगळ्यांना झापते. पहिल्याच एप्रिलला तिने जिझेलच्या पगाराचे कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“राज्याचा कर कापलेलाच नाही! कुणाकडे कामाला आहेस, दरोडेखोरांकडे?”

“न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर कर नसतो गं.”

“ते न्यू हॅम्पशायरमध्ये. तू बसतेस कुठे?”

“घरी.”

“मग? तुझं बूड ज्या खुर्चीवर, ती खुर्ची मेनमध्ये. कर मेनचा. भर गुमान.” मग जरा आवाज उतरवून ती म्हणाली, “आणि मालकाला सांग, त्यानेही इथे नोंदणी करायला हवी. कर कापणं, बेकारीच्या निधीत भरणं, सगळं आता इकडच्या नियमाने. आज सांगितलंस तर थोडक्यात निभावेल.”

जिझेलने कर भरला. त्या वर्षी भरला, पुढच्या वर्षी भरला, दर वर्षी एकदम भरताना जीव निघायचा तरी भरला. पण हॉलिसला ती काही बोलली नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. एवढ्या लांब आपल्याला काम दिलं, त्यात आता ह्याला दुसऱ्या राज्याची झेंगटं मागे लावायची? तो म्हणाला, ‘मग राहू दे, मी इथलंच कुणीतरी बघतो,’ तर? बाप अंथरुणावर. खोऱ्यात बाईमाणसाला काम काय, तर दवाखाना, शाळेचं स्वयंपाकघर, नाहीतर बटाट्याची वखार. तिने तोंड मिटून घेतलं.

आता नोकरी गेल्यावर तिने हॉलिसच्या सांगण्याप्रमाणे न्यू हॅम्पशायरमध्ये अर्ज केला. तिथून उत्तर आलं ते सभ्य होतं आणि सरळ होतं. तुम्ही काम मेनमध्ये बसून केलं आहे, तेव्हा मेनमध्ये विचारा.

ती गाडी काढून प्रेस्क आइलच्या कार्यालयात गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ वितळून शेतं काळी, चिकट झाली होती. कार्यालयात मिसेस हॅफर्ड नावाची बाई होती, निळ्या स्वेटरमधली, बोलायला हळू. तिने कॉम्प्युटरवर जिझेलचं नाव घालून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं.

“तुमच्या नावावर आमच्याकडे एकही पगार दिसत नाही.”

“म्हणजे मी इतकी वर्षं काय झोपा काढल्या?”

मिसेस हॅफर्ड हसली. “तसं नव्हे. तुमच्या मालकाने तिकडे भरलंय. पण असं आहे बघा, माणूस कायम जिथे बसून काम करतो, त्या राज्याच्या निधीत मालकाने भरायचं असतं. मालकाचं दुकान कुठे आहे ते त्यात बघत नाहीत.”

“तिकडचे म्हणतात इकडे जा. इकडे नावच नाही. आमच्याकडे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी.”

“उपाशी नाही राहणार. तुम्ही अर्ज करा, मालकाचं नाव द्या, पगाराच्या पावत्या जोडा. आम्ही त्यांच्याकडे चौकशी करू. त्यांनी इथे नोंदणी केली नाही, ही चूक तुमची धरत नाहीत. तुम्हाला हक्काचं मिळेल.”

“आणि त्यांना?”

“त्यांना मागची सगळी वर्षं इथे भरावी लागतील. वर दंड, व्याज. तपासनीस कर आणि बाकीचंही बघेल.”

जिझेलने समोरचा कोरा अर्ज घडी घालून पर्समध्ये टाकला. “विचार करून सांगते,” म्हणाली आणि उठली.

विचार कसला! विचार झाला होता. ज्याने रोलाँच्या आजारपणात पगार चालू ठेवला, जो खुर्ची पाठीवर घेऊन जिना चढला, त्याच्या दारात आपण सरकार उभं करायचं? तिने बर्निसला सांगितलं तेव्हा बर्निसने हात जोडले. “भीड भिकेची बहीण, जिझेल. तू त्याचं भलं करायला निघालीस आणि खाणार काय? उपकार?”

“काम बघेन.”

काम मिळालं ते बटाट्याच्या बियाण्याच्या वखारीत. पेरणीच्या आधी बियाण्याचे बटाटे कापायचे असतात, प्रत्येक फोडीला डोळा राहील असे. दिवसभर सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहायचं, थंड धूळ नाकातोंडात. पन्नाशी उलटलेल्या जिझेलची कंबर संध्याकाळी जिना चढताना बोलायला लागायची. पेरणी उरकली तसं तेही काम संपलं. मग कुणाची मुलं सांभाळ, कुणाचं चर्चमधलं जेवण रांध, असं चाललं.

ओनेझिम सगळं बघत होता. चालायला आधाराची चौकट लागते म्हणून त्याची नजर अधू झालेली नव्हती. जूनमधल्या एका सकाळी, बाहेर काळ्या माश्यांचा घोंगाट चाललेला, त्याने कप पुढे सरकवला.

“कॉफीत दूध घालायचं बंद केलंस.”

“बाधतं मला.”

“आठवडाभर मांसाचा तुकडा नाही घरात. तोही बाधतो?”

“पापा, पुरे.”

“भत्त्याचं काय झालं ते सांग.”

तिने सांगितलं. सगळं, बर्निसने पहिल्या वर्षी काय सांगितलं होतं तेसुद्धा.  सांगून झाल्यावर ओनेझिमने प्लोयवर लोणी पसरलं.

“तो हॉलिस चांगला माणूस आहे,” तो म्हणाला.

“तेच तर.”

“चांगल्या माणसाला खड्ड्यात कोण घालतं, माहीत आहे? चांगलीच माणसं. गप्प बसून. तू पहिल्या वर्षी बोलली असतीस तर चार पैशांत सुटला असता बिचारा.”

जिझेलच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग आता काय करू? आणखी बुडवू त्याला?”

“आज ना उद्या हे निघणारच. तू नाही काढलंस तर दुसरं कुणी काढेल, आणि तोवर आणखी फुगलेलं असेल. पण त्याच्या पाठीमागून करू नकोस. आधी त्याच्या तोंडावर सांग, मग अर्ज टाक.” त्याने घावन गुंडाळून तोंडात घातलं. “आणि दूध आण.”

दुपारी तिने त्या खिडकीपाशी बसून फोन लावला.

“अगं जिझेल!” हॉलिसचा आवाज खुलला. “कसे आहेत तुझे वडील?”

“बरे आहेत. मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.”

तिने सांगितलं. हॉलिसला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा तो भडकला.

“म्हणजे मी जे भरलं ते काय नदीत फेकलं?”

“ते न्यू हॅम्पशायरला गेलं. इथे जायला हवं होतं.”

“माझं दुकान न्यू हॅम्पशायरमध्ये आहे! मी मेनमध्ये एक खिळासुद्धा ठोकलेला नाही!”

“मला ठोकलंत ना. या खुर्चीत.”

हॉलिसने मग वेगळ्याच आवाजात विचारलं, “हे तुला आत्ता कळलं?”

इथे खोटं बोलणं अगदी सोपं होतं. जिझेलने फोनची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली.

“नाही. पहिल्या एप्रिललाच माझ्या बहिणीने सांगितलं होतं.”

“आणि तू मला बोलली नाहीस.”

“तुम्ही काम काढून घ्याल अशी भीती वाटली.”

पलीकडे दुकानातल्या कुणाचा तरी हसण्याचा आवाज येत होता. हॉलिसने दार लावून घेतलं असावं, कारण तो आवाज तुटला.

“बरं आहे, मिसेस सिरवा,” तो म्हणाला. “तुम्हाला जे करायचं असेल ते तुम्ही करा.”

तीस वर्षांत त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं, असं तिने नंतर बर्निसला सांगितलं.

अर्ज गेला. चौकशी सुरू झाली. तिला फोनवर प्रश्न विचारले, काम कुठे बसून करायचात, न्यू हॅम्पशायरला किती वेळा जायचात, कामाच्या वेळा कोण ठरवायचं. तिने खरं ते सांगितलं, आणि जिथे जिथे हॉलिसचं नाव आलं तिथे सांगितलं की त्या माणसाच्या मनात खोट नव्हती. लिहून घेणारी बाई म्हणाली, “मनाचा रकाना नाही हो आमच्याकडे. पण मी तपासनिसांना सांगेन.”

महिनाभराने निकाल तिच्या बाजूने लागला आणि भत्ता सुरू झाला. मधले जे आठवडे तिने भिडेपायी घालवले, ते गेले ते गेलेच. त्याशिवाय मिसेस हॅफर्डने आणखी एक गोष्ट सांगितली. नोकरी सुटताना उरलेल्या रजेचे पैसे देणं मेनच्या कायद्याने मालकाला भाग आहे, व्हिटकमच्या नियमात ती रजा बुडत असली तरी. घरी येईपर्यंत गाडीत जिझेल स्वतःशीच वाद घालत होती. हेही मागायचं? एका माणसाला किती बोचकारायचं? पण गप्प बसून एकदा काय झालं ते ती पाहून चुकली होती. तिने दोन ओळी लिहून पाठवल्या. पैसे आले. सोबत चिठ्ठी नव्हती, कशी आहेस नाही, काही नाही.

तो उन्हाळा तिला फार लांब गेला. दुकानात किंवा चर्चमध्ये कुणी विचारलं, “तुझा तो न्यू हॅम्पशायरचा मालक काय म्हणतो?” तर ती विषय बदलायची. भत्ता हक्काचा होता, हे तिला पटलं होतं. तरी महिन्यातून एकदोनदा तिला वाटायचं, फोन करावा. पण म्हणणार काय?

सप्टेंबरात खोऱ्यात बटाटा काढायला सुरुवात झाली. शाळांना सुट्टी लागली, पोरं, बाया, निवृत्त मास्तर, सगळे शेतात. जिझेलही लेव्हेक कुटुंबाच्या काढणीच्या यंत्रावर उभी राहून पट्ट्यावरचे दगड वेचायला गेली. तेवढ्या आठवड्यांची कमाई ती भत्त्याच्या कार्यालयाला कळवत होती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, शेताच्या बांधावर बसून ती पाव खात असताना खिशातला फोन वाजला.

“मी हॉलिस.”

तिने घास गिळला. “बोला.”

“इथे थंडी पडली. फोन सारखे वाजतायत. मी एका पोराला बसवलंय फोनवर. काल त्याने एका बाईला झडपेऐवजी जाळी पाठवली, वर तिच्याशी भांडला.” तो थांबला. “ते जाऊ दे. मी त्यासाठी फोन नाही केला. म्हणजे त्यासाठीही केलाय.”

जिझेलने उरलेला पाव गुंडाळून ठेवला.

“तुमच्या मेनची ती तपासनीस बाई बरी निघाली. दंडात सूट दिली, हप्ते बांधून दिले. आणि तिकडे भरलेलं परत कसं मागायचं तेही तिनेच समजावलं. सगळं नाही मिळालं, जुनं बुडालं. पण बरंचसं मिळालं. मला वाटलं होतं दुकान विकावं लागेल.”

“मलाही तीच भीती होती.”

“मी रागावलो होतो. सरकारवर नाही.”

“माझ्यावर.”

“तुझ्यावरच. भत्ता मागितलास त्याचं नाही गं. मला घाबरलीस त्याचं. मी काय असा माणूस आहे?”

“नव्हता तुम्ही तसे,” ती म्हणाली. “पण बाप अंथरुणावर असला की माणूस परीक्षा बघायला जात नाही, हॉलिस. चूक माझी होती. मी आधीच बोलायला हवं होतं.”

दूर यंत्राचं इंजिन सुरू झालं. लेव्हेकची बाई हात हलवून सगळ्यांना बोलवत होती.

“परत येतेस का कामाला?” हॉलिसने विचारलं. “तिथूनच. आता मेनमध्ये माझी रीतसर नोंदणी आहे. पगारातून तुमचा कर कापणार, मग कुरकुर करायची नाही.”

“बटाटा निघाल्यावर येते.”

“म्हणजे कधी?”

“शेतं रिकामी झाली की. मी शब्द दिलाय इथे.”

“जिझेल, शेगड्या काय बटाट्यासाठी थांबतात?”

“थांबतील,” ती म्हणाली. “त्या पोराला सांगा, बायकांशी भांडू नकोस म्हणावं.”

ऑक्टोबरच्या मध्यावर ती पुन्हा खिडकीपाशी बसली. सगळं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. शेजारच्या व्हरमाँट राज्यातल्या एका अपंग माणसाला हॉलिस घरबसल्या काम देणार होता, त्याला त्याने नकार दिला. “दोन राज्यं झाली तेवढी बस्स,” म्हणाला. ते जिझेलला लागलं. तिने दोनतीनदा विषय काढला, तिथली नोंदणी करून टाका, एकदा जमलं ते पुन्हा जमेल. हॉलिस बधला नाही. आपल्या प्रकरणाने एका अनोळखी माणसाची भाकरी अडली, ही टोचणी तिला राहिली.

त्या हिवाळ्यात ओनेझिमला छातीत कफ झाला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. बर्फ एवढं पडत होतं की शेजाऱ्याच्या बर्फ सारणाऱ्या गाडीमागोमाग जावं लागलं. तिथल्या बाकावर बसून जिझेलने हॉलिसला फोन लावला. पूर्वीची जिझेल कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बापाच्या उशाशी फोन घेत बसली असती आणि तिकडे कळूही दिलं नसतं.

“पापांना भरती केलंय. मी आठवडाभर येत नाही कामावर.”

“घे की रजा. विचारतेस काय?”

“विचारत नाही,” जिझेल म्हणाली, “सांगतेय.”

हॉलिस हसला. मग त्याने ओनेझिमला ताप किती आहे ते विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, आणि ती सांगत असताना आतून नर्सने हाक मारली म्हणून तिने फोन बंद केला. दहाव्या दिवशी म्हातारा घरी आला. दवाखान्यातल्या जेवणाला त्याने इतक्या शिव्या घातल्या की बर्निस म्हणाली, आता ह्याला काही होत नाही.